मनगटाचं माप

४ तारीख, बुधवार

भावजी,

अक्षर ओळखलंत का? नसेल ओळखलं तर खाली नाव शोधू नका, मी नुसतं वहिनी लिहिणार आहे. तुम्हाला दुसरी वहिनी नाही, त्यामुळे घोटाळा व्हायचा नाही.

खरं तर फोनच करणार होते. तुमचा जुना नंबर आता एका गाद्यांच्या दुकानात वाजतो. पलीकडच्याला मी दम न घेता सगळं सांगून टाकलं, की तुमच्या दादांना न्यूमोनिया झालाय, आयसीयूत आहेत, कळवलं नाही असं नंतर म्हणू नका. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, मी गादीवाला, पण तुमच्या माणसाला बरं वाटू दे. चार दिवसांत माझ्याशी इतकं नीट कुणी बोललं नव्हतं. मग तुमच्या ताईंकडे पत्ता मागितला. तुमच्याशी बोलत नसल्या तरी पत्ता त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवला होता. देताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पर्सच मागितली.

झालं ते असं. शाळांच्या गणवेशांची घाई होती. ह्यांना ताप होता, पण ऐकतील तर शपथ. चार दिवस गोळी घेऊन कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले. रविवारी सकाळी शर्टाची बटणं लावताना धाप लागली. तिसऱ्या बटणाशी थांबले आणि मला म्हणाले, तू लाव. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण माझ्याकडून कधी बटण लावून घेतलेलं नाही, तेव्हाच मी रिक्षा बोलावली.

आता ऑक्सिजनवर आहेत. डॉक्टरांना आशा आहे. काळजीचं कारण नाही.

मला तुमच्याकडून काही नको आहे, आणि तुम्ही यावं असंही नाही. भावाला भावाचं कळावं म्हणून लिहिलं, एवढंच. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, ते आपल्या दोघांत शोभणार नाही म्हणून लिहीत नाही.

वहिनी


८ तारीख, रविवार

भावजी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. लिहीत होते तेव्हा ह्यांना मशीनवर घेऊन एक दिवस झाला होता. तोंडात नळी आहे आणि श्वास मशीन देतं. शुक्रवारपासून किडनीचं मशीनही लावलंय. का खोटं लिहिलं विचाराल तर सांगता येणार नाही. कागदावर तरी ह्यांना साध्या ऑक्सिजनवर ठेवावं असं वाटलं असेल.

बाहेरची खोली कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. हॉस्पिटल बाबांच्या वेळचं नाही, दुसरं आहे, पण खुर्च्या तशाच, एकमेकींना जखडलेल्या. इथं एक रीत आहे. नवीन माणसं दाराजवळ बसतात. आतल्या बाजूचं कुणी गेलं, घरी म्हणा किंवा दुसरीकडे म्हणा, की सगळे एकेक खुर्ची आत सरकतात. कुणी ठरवून दिलेलं नाही, पण मोडतही नाही कुणी. मी आता भिंतीपासून तिसरी आहे. भरती करतानाच्या फॉर्मवर मुलगा, मुलगी असे दोन रकाने होते, तिथं मी रेघ मारली आणि ‘इतर’मध्ये तुमचं नाव लिहिलं. तुम्हाला न विचारता. चालणार नसेल तर कळवा, खोडून टाकीन.

आत सोडतात दोनदा, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, दहा दहा मिनिटं. किडनीचं मशीन लावलं त्या दिवशी मी ओळखलंच नाही ह्यांना. इतकी सूज. हाताची बोटं कणकेच्या गोळ्यासारखी झालेली. काय करावं कळेना म्हणून पर्समधली टेप काढली आणि मनगट मोजलं. साडेआठ भरलं. ह्यांचं मनगट पावणेसात, शर्टाच्या कफची पट्टी मी आयुष्यभर त्याच मापानं कापत आले.  सिस्टरांनी टेप माझ्या हातातून घेतली, स्पिरिटनं पुसली आणि परत दिली. तेव्हापासून दोन्ही वेळा मोजते. त्या पडद्यावर हिरवे-पिवळे आकडे नाचत असतात, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. टेपचं कळतं.

आज मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. बाईच आहेत, माझ्याच वयाच्या, खुर्ची ओढून समोर बसून बोलतात. म्हणाल्या, फुप्फुसं सुधारत नाहीयेत, रक्तदाब औषधांवर टिकवून धरलाय, किडनी बंद आहे. अशा दहा जणांत दोन-तीन जण घरी जातात आणि त्यातलाही एखादाच पुन्हा आपल्या पायांनी कामावर जातो, हा माझा अनुभव, असंही सांगितलं. मग म्हणाल्या, आपण तीन दिवसांची ट्रायल करू. सगळे उपचार पूर्ण जोरानं करू. ऑक्सिजन कमी लागायला लागला, दाबाचं औषध उतरलं, लघवी सुरू झाली, तर पुढं जाऊ. नाहीतर बुधवारी परत बसू.

ट्रायल म्हटल्यावर मला हायसं वाटलं. हा तर आपल्याच धंद्यातला शब्द. कच्चे टाके घालायचे, अंगावर चढवून बघायचं, नाही बसलं तर उसवायचं. तुमच्या दादांनी ट्रायलशिवाय कुणाला कधी कोट दिला नाही, लग्नाची घाई असलेल्या नवरदेवालासुद्धा नाही. मी लगेच हो म्हटलं. ताईंना ते आवडलं नाही. त्या म्हणाल्या, माणूस म्हणजे काय कापड आहे?

संध्याकाळी आतून बाहेर येताना एक गोष्ट दिसली. ह्यांचे दोन्ही हात आता पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेत. नळी उपसू नये म्हणून. पट्ट्या मऊ आहेत, आत स्पंज आहे. पण बांधलेत.

त्याबद्दल आज एवढंच लिहिते.

वहिनी


११ तारीख, बुधवार

भावजी,

माप लिहिते. रविवारी संध्याकाळी साडेआठ, सोमवारी सव्वाआठ, काल आठ, आज सकाळी पावणेआठ. उतरतंय ना?

हेच मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझा कागद नीट वाचला, हसल्या नाहीत. म्हणाल्या, सूज उतरतेय कारण मशीन अंगातलं पाणी काढतंय, किडनी अजून चालू झालेली नाही. ऑक्सिजन तेवढाच लागतोय, दाबाचं औषध उलट वाढवावं लागलंय. ठरवलेल्या तीन गोष्टींतली एकही झाली नाही. पुढं जायचं तर आता गळ्याला छिद्र करून नळी तिथून घालावी लागेल, आणि मग किती आठवडे ते सांगता येत नाही.

मी म्हटलं, आणखी दोन दिवस द्या. त्या म्हणाल्या, कशाची वाट बघायची? मी म्हटलं, मनगटाची.

त्यांनी दिले दोन दिवस. शुक्रवार सकाळपर्यंत. पण देताना एक बोलल्या ते मनात रुतून बसलंय. म्हणाल्या, “चालू ठेवणं म्हणजे काही न करता थांबणं नव्हे हो. दर तासाला आम्ही त्यांना काहीतरी करतोय. सुई टोचतोय, नळीतून कफ ओढतोय, कूस बदलतोय. त्यातून त्यांना काय मिळतंय, एवढंच विचारा स्वतःला.”

तुम्ही बाबांच्या वेळी हेच म्हणाला होता. शब्द वेगळे होते. आयसीयूच्या दारातून बाहेर आलात आणि मला म्हणालात, वहिनी, बाबांचे हात बांधलेत, तुम्ही बघितलंत का? मी बघितले नव्हते. दहा दिवस रोज आत जात होते, पण नजर चेहऱ्याच्या खाली नेलीच नव्हती. तुम्ही म्हणालात, आता पुरे करू. दहावा दिवस होता. ह्यांनी ऐकलं नाही, ताईंनी ऐकलं नाही, आणि बाबा पुढं आणखी बारा दिवस तसेच राहिले.

मी तेव्हा काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच. मलाही आठवतं. आज लिहवत नाही.

पैशांचं विचाराल तर, आहेत. दुकानातलं ओव्हरलॉकचं शिलाई मशीन विकलं. ह्यांना कळेल तेव्हा घर डोक्यावर घेतील, घेऊ देत. इथं एक गंमत आहे. डॉक्टर पैशांचं चकार शब्द बोलत नाहीत, आणि खाली काउंटरवरचा माणूस पेशंटचं चकार शब्द बोलत नाही. दोन्हींचा मेळ घालायला मधे मी एकटी. ताई म्हणतात, खर्चाकडे बघायचं नाही. त्यांना म्हणावंसं वाटतं, ताई, मी खर्चाकडे बघतच नाहीये, मला ह्यांच्याकडे बघायची भीती वाटतेय. पण त्या आपल्या भावासाठी रडत असतात, तिथं काय बोलणार?

भिंतीजवळची खुर्ची आज मला मिळाली. आधी तिथं एक मुलगी असायची, आईसाठी यायची. सकाळी तिची पिशवी नव्हती. आम्ही सगळे न बोलता सरकलो. आता यापुढं सरकायला जागा नाही.

माझं पहिलं पत्र मिळालं असेल एव्हाना. उत्तराची वाट बघत नाहीये. पण पोस्टमनला दुकानाचं शटर बंद दिसेल म्हणून शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला सांगून ठेवलंय, काही आलं तर ठेवून घे.

वहिनी


१३ तारीख, शुक्रवार, सकाळ

भावजी,

अकरा वाजायला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहिते.

काल संध्याकाळी मनगट साडेसात भरलं. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि सिस्टरांना दाखवला. त्या वयानं मोठ्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी माझा हात धरून ह्यांच्या दंडावर ठेवला. म्हणाल्या, तुम्ही कापडाची माणसं, तुम्हाला हाताला कळेल. दाबून बघा.

दंड राहिलेलाच नाही, भावजी. कात्री चालवून चालवून ह्यांचा उजवा दंड कसा झाला होता, तुम्ही लहानपणी त्याला लोंबकळायचा म्हणे. तिथं आता सैल कातडं आहे आणि आत थोडं पाणी. अकरा-बारा दिवसांत सगळं गेलं. सूज उतरत होती ते खरं, पण खाली माणूसही उतरत होता, आणि मी तिकडं न बघता आकडे लिहीत होते.

आणि अजून एक. ते साडेसात खरं नाही. मी टेप घट्ट ओढली होती. सोमवारीही ओढली, मंगळवारीही. पाव-पाव इंच. आपल्याकडे नवीन कारागीर आला की ह्यांची पहिली ताकीद काय असायची? टेप ओढायची नाही, टेप नुसती ठेवायची. माप घेताना ज्यानं टेप ओढली त्याला ह्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात घेतलं नाही. आणि त्यांच्याच मनगटावर मी ओढली. काल परत मोजलं, नुसती ठेवून. आठला थोडं कमी.

सिस्टरांना मी विचारलं, ह्यांना कळतं का हो काही? त्या म्हणाल्या, कफ ओढताना कपाळाला आठ्या पडतात. बाकी नाही सांगता येत.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आठ वर्षांपूर्वी कळायला हवी होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली असतील. हे एका कोटाचं अस्तर लावत होते. मान वर न करता म्हणाले, “धाकट्याचं बरोबर होतं. मी बाबांना उगाच ठेवलं. माझ्यावर तशी वेळ आली तर तू तसं करू नकोस.” मग म्हणाले, त्याला पत्र लिहितो. मी म्हटलं, त्यानं आधी लिहू दे, तो लहान आहे. ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तुम्हाला वाटत असेल दादा रागावून गप्प आहे. तो रागावला नव्हता. मी गप्प बसवलं होतं.

म्हणजे ह्यांना काय हवंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलंही होतं, ते कधी काही बोलले होते का? मी नाही म्हटलं.

आज सांगणार आहे. ताईंना पटणार नाही, त्यांना मी सांगेन. दार उघडलं, जाते.

वहिनी


१८ तारीख, बुधवार

भावजी,

तुमचे दादा शुक्रवारी संध्याकाळी सात वाजायच्या आत गेले.

पाच वाजता नळी काढली. त्याआधी धाप लागू नये म्हणून औषध दिलं, आणि डॉक्टर स्वतः उभ्या राहिल्या. हाताच्या पट्ट्या सिस्टरांनी सोडल्या. पडदा ओढून दिला आणि म्हणाल्या, आता दहा मिनिटांचा नियम नाही, बसा. तेरा दिवसांत पहिल्यांदा मी खुर्ची घेऊन जवळ बसले. डोळे उघडले नाहीत. पण कपाळावर आठी नव्हती, ते मी शेवटपर्यंत बघत होते. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आला नाही. मी बराच वेळ वाट बघितली. एकटीच होते. ताई पडद्याबाहेर उभ्या होत्या, मी दोनदा बोलावलं, आत आल्या नाहीत.

घरी माणसं जमली तेव्हा त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “तुझ्यात आणि धाकट्यात फरक काय राहिला मग?”

खोलीत दहा-बारा जण होते. सगळे माझ्याकडे बघत होते. भावजी, त्या क्षणी मला कळलं की बाबांच्या वेळी त्या पॅसेजमध्ये तुम्हाला कसं वाटलं असेल. मी म्हटलं होतं, बापाचे श्वास पैशात मोजताय. हेच ना? सगळ्या नातेवाइकांसमोर. आणि तुम्ही त्याच सकाळी तुमच्या वाट्याचे पैसे भरून आला होता, घरासाठी घेतलेली जागा विकून. मला माहीत होतं. पावती मीच हातात घेतली होती. माहीत असून बोलले, कारण तुम्ही बरोबर बोलत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही उलटून एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून निघून गेलात.

सोमवारी लॉन्ड्रीवाल्यानं तुमचं पत्र आणून दिलं. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर. मी त्यात सगळं झाकून लिहिलं होतं तरी तुम्ही ओळखलंत. तीनच ओळी आहेत, पाठ झाल्यात. ‘वहिनी, तुम्ही लिहिलं नाहीत पण दादा मशीनवर असणार. काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्याला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. आणि थांबायचं ठरवलंत तर ताईला आणि सगळ्यांना सांगा की धाकट्यानं कळवलं, धाकट्यानं ठरवलं, मला आता सवय आहे.’

ते वाचून मी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि कटिंगच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. ह्यांच्यासाठी तोवर रडले नव्हते.

मी तसं सांगितलं नाही. काल ताईंकडे गेले. म्हटलं, ठरवलं मी, धाकट्या भावजींनी काहीही कळवलं नव्हतं. आणि बाबांच्या वेळी बरोबर ते होते, तुमचे मोठे भाऊ स्वतः तसं म्हणाले होते, मी दाबून ठेवलं. तुम्ही विचारलंत ना ताई, फरक काय? भावजींनी तेव्हाच, सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. मी घाबरून उशीर केला. एवढाच.  ताईंनी माझ्या हातातून तुमचं पत्र घेतलं, चष्मा लावला आणि वाचत राहिल्या. तीन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही. मी निघाले तरी त्यांनी ते परत दिलं नाही, मीही मागितलं नाही.

आता राहिलं ते तुम्हाला सांगते. डॉक्टर बुधवारीच तयार होत्या. ह्यांचं म्हणणं मला माहीत होतं. टेप मी ओढली. बुधवार ते शुक्रवार, दोन दिवस. ते दोन दिवस ह्यांच्यासाठी नव्हते, आशेसाठीही नव्हते. ह्यांना सोडायला हो म्हटलं असतं तर बाबांच्या वेळी मी चुकले, तुम्हाला घालवलं ते चुकून घालवलं, हे मान्य करावं लागलं असतं. ते करायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस ह्यांनी बांधलेल्या हातांनी काढले.

लोक येतात, बसतात, तुम्ही सगळं केलंत हो, म्हणतात. मी मान हलवते. ह्या दोन दिवसांबद्दल माझ्यावर रागवायचा हक्क असलेलं माणूस जगात एकच उरलंय. राग आला तरी लिहा.

वहिनी